आयपी संकेतांक

आयपी संकेतांक ही विद्युत उपकरणाच्या बाह्य आवरणापासून मिळणाऱ्या संरक्षणाची पातळी अंकांनी दर्शविणारी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. मीटरपेटी, वितरण पॅनेल, मोटर, पंपाचा स्टार्टर, पथदिवा, भ्रमणध्वनी अशा उपकरणांवर "आयपी ५४", "आयपी ६५" अशा स्वरूपात हा संकेतांक लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या, अर्थात आयईसीच्या, ६०५२९ क्रमांकाच्या मानकात या पद्धतीची व्याख्या केलेली आहे. भारतात हेच मानक "आयएस/आयईसी ६०५२९" या नावाने स्वीकारलेले आहे. ७२.५ किलोव्होल्टपर्यंतच्या निर्धारित दाबाच्या उपकरणांना ते लागू होते.

मानकातील "आयपी" ही अक्षरे "इंटरनॅशनल प्रोटेक्शन" या शब्दांवरून आली आहेत. व्यवहारात त्यांचा विस्तार "इन्ग्रेस प्रोटेक्शन" असाही केला जातो. संकेतांक तीन बाबी सांगतो: माणसाचा हात, बोट किंवा हत्यार आतील धोकादायक भागांपर्यंत पोहोचू शकते का, घन वस्तू व धूळ आत शिरू शकते का, आणि पाण्यामुळे आतील उपकरणास अपाय होऊ शकतो का. गंज, ऊन, आघात किंवा स्फोटक वायू यांपासूनच्या संरक्षणाविषयी तो काहीही सांगत नाही.

== पार्श्वभूमी ==

विद्युत उपकरणाचे आवरण दुहेरी काम करते. ते माणसाला उपकरणापासून वाचवते आणि उपकरणाला परिसरापासून वाचवते. उघड्या वीजवाही भागाला स्पर्श झाल्यास शरीरातून प्रवाह वाहतो. त्वचा ओली असल्यास शरीराचा रोध घटतो आणि त्याच दाबाला अधिक प्रवाह वाहतो. त्यामुळे घरगुती २३० व्होल्टचा पुरवठाही प्राणघातक ठरू शकतो.

उपकरणाच्या बाजूने पाहता धूळ आणि ओलावा यांचे एकत्र येणे सर्वांत घातक असते. निरोधक पृष्ठभागावर साचलेली कोरडी धूळ बहुधा निरुपद्रवी असते. मात्र ती ओलसर झाली की तिच्यातून अल्प प्रवाह वाहू लागतो. हळूहळू पृष्ठभाग करपून त्यावर कार्बनचा वाहक मार्ग तयार होतो आणि अखेरीस ठिणगी पडून आग लागू शकते. पाणी साचल्याने अग्रे गंजतात, जोड सैल होतात आणि धातूच्या पेटीतून वीजगळती होते. पावसाळ्यात पथदिव्याचा खांब, रस्त्याकडेचा फीडर पिलर किंवा पंपाची पेटी यांतून झटका बसण्याच्या घटनांमागे आवरणात शिरलेले पाणी आणि सदोष भूयोजन ही दोन कारणे प्रामुख्याने आढळतात.

"जलरोधक", "धूळरोधक", "हवामानसह" असे शब्द पूर्वी उत्पादक आपापल्या समजुतीप्रमाणे वापरत. पाणी म्हणजे थेंब, फवारा की बुडणे, हे त्यांतून कळत नसे. या संदिग्ध विशेषणांच्या जागी मोजता येणारी आणि प्रयोगशाळेत पुन्हा पडताळता येणारी पातळी आणणे हा आयपी संकेतांकाचा मूळ हेतू होय.

== इतिहास ==

आयईसीची स्थापना १९०६ साली लंडन येथे झाली. १९४८ पासून तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. आवरणांच्या संरक्षणाचे सर्वसाधारण मानक "आयईसी ५२९" या क्रमांकाने १९७६ साली प्रसिद्ध झाले व त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. आयईसीने १९९७ साली आपल्या सर्व मानकांच्या क्रमांकांत ६०००० मिळविले, तेव्हापासून ते ६०५२९ या क्रमांकाने ओळखले जाते. दुसऱ्या आवृत्तीत १९९९ आणि २०१३ साली दुरुस्त्या झाल्या. २०१३ च्या दुरुस्तीने उच्च दाबाच्या गरम पाण्याच्या झोतासाठी ९ हा अंक समाविष्ट केला.

फ्रान्ससह काही देशांत पूर्वी यांत्रिक आघातासाठी तिसरा अंक लिहिण्याची प्रथा होती. आघातासाठी "आयके संकेतांक" ही स्वतंत्र पद्धत आल्यानंतर ती मागे पडली.

== संकेतांकाची रचना ==

संकेतांकात "आयपी" या अक्षरांनंतर दोन अंक येतात. त्यांपुढे गरजेनुसार एक अतिरिक्त अक्षर आणि एक पूरक अक्षर जोडता येते. पहिला अंक स्पर्श व घन वस्तूंपासूनचे संरक्षण दर्शवितो, तर दुसरा अंक पाण्यापासूनचे. हे दोन अंक स्वतंत्रपणे वाचायचे असतात. "आयपी ६५" म्हणजे पासष्ट नव्हे, तर पहिला अंक सहा व दुसरा अंक पाच. त्यामुळे "आयपी ५६" पेक्षा "आयपी ६५" मोठा, असे म्हणता येत नाही. पहिल्यात पाण्यापासून अधिक संरक्षण आहे, दुसऱ्यात धुळीपासून.

एखादी बाब नमूद करावयाची नसेल तर त्या अंकाच्या जागी "एक्स" हे अक्षर लिहितात, उदा., "आयपी एक्स७". "एक्स" म्हणजे शून्य नव्हे. शून्याचा अर्थ संरक्षण नाही असा होतो, तर "एक्स"चा अर्थ त्या बाबीचे विधान केलेले नाही एवढाच होतो.

=== पहिला अंक ===

| अंक | धोकादायक भागांना होणाऱ्या स्पर्शापासून संरक्षण | घन वस्तूंपासून संरक्षण |
|---|---|---|
| ० | नाही | नाही |
| १ | हाताचा मागील भाग | ५० मिमी व त्याहून अधिक व्यासाच्या वस्तू |
| २ | बोट | १२.५ मिमी व त्याहून अधिक व्यासाच्या वस्तू |
| ३ | हत्यार | २.५ मिमी व त्याहून अधिक व्यासाच्या वस्तू |
| ४ | तार | १ मिमी व त्याहून अधिक व्यासाच्या वस्तू |
| ५ | तार | धुळीपासून मर्यादित संरक्षण |
| ६ | तार | धूळ पूर्णतः बंद |

पहिल्या अंकाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. उदाहरणार्थ, २ या अंकासाठी १२ मिमी व्यासाचे व ८० मिमी लांबीचे सांधेदार "चाचणी-बोट" वापरतात. हे बोट फटीतून आत गेले तरी चालते, परंतु धोकादायक भागापासून ते पुरेशा अंतरावर राहिले पाहिजे. त्याच वेळी १२.५ मिमी व्यासाचा गोल त्या फटीतून पूर्णपणे आत जाता कामा नये.

=== दुसरा अंक ===

| अंक | पाण्याचे स्वरूप | चाचणीचा गाभा |
|---|---|---|
| ० | संरक्षण नाही | चाचणी नाही |
| १ | उभे पडणारे थेंब | मिनिटाला १ मिमी, १० मिनिटे |
| २ | आवरण १५ अंशांपर्यंत कलते असताना पडणारे थेंब | मिनिटाला ३ मिमी, चार बाजूंना प्रत्येकी अडीच मिनिटे |
| ३ | उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंतचा फवारा | झुलती नळी किंवा फवारणीची तोटी |
| ४ | सर्व दिशांनी उडणारे पाणी | झुलती नळी किंवा फवारणीची तोटी |
| ५ | पाण्याचा झोत | ६.३ मिमी तोटी, मिनिटाला १२.५ लिटर |
| ६ | पाण्याचा जोरदार झोत | १२.५ मिमी तोटी, मिनिटाला १०० लिटर |
| ७ | तात्पुरते बुडणे | ३० मिनिटे |
| ८ | सतत बुडलेले राहणे | उत्पादक व ग्राहक यांनी ठरविलेल्या, ७ पेक्षा कठोर अटी |
| ९ | उच्च दाबाचा व गरम पाण्याचा झोत | सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी |

१ ते ६ या अंकांत वरचा अंक खालच्या सर्व अंकांची हमी देतो. ७ पासून मात्र हा नियम थांबतो. स्थिर पाण्यात बुडूनही कोरडे राहणारे आवरण नळीच्या झोतापुढे टिकेलच असे नाही. बुडण्याच्या चाचणीत पाण्याचा दाब सर्व बाजूंनी समान असतो व तो गॅस्केटला अनेकदा अधिक घट्ट दाबतो. झोत मात्र एकाच ठिकाणी आदळतो व गॅस्केटची कड उचलू शकतो. म्हणून दोन्ही परिस्थितींत वापरावयाच्या उपकरणावर "आयपी एक्स६/एक्स७" असा दुहेरी संकेतांक लिहावा लागतो. केवळ "आयपी ६७" लिहिलेल्या उपकरणावर नळीने पाणी मारणे सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही.

=== अक्षरे ===

प्रत्यक्ष स्पर्शापासूनचे संरक्षण पहिल्या अंकापेक्षा अधिक असल्यास ए, बी, सी, डी यांपैकी एक अतिरिक्त अक्षर जोडतात. ती अनुक्रमे हाताचा मागील भाग, बोट, हत्यार आणि तार यांच्याशी संबंधित आहेत. फट मोठी असूनही वीजवाही भाग खोलवर बसविलेला असल्यास "आयपी एक्सएक्सबी" असे लिहिता येते.

पूरक अक्षरांपैकी "एच" उच्च दाबाच्या उपकरणासाठी आहे. पाण्याची चाचणी उपकरणाचे हलणारे भाग फिरत असताना केली असल्यास "एम" व ते स्थिर असताना केली असल्यास "एस" लिहितात. "डब्ल्यू" हे अक्षर ठरावीक हवामानात वापरण्यास योग्य अशा उपकरणासाठी आहे.

== चाचण्या ==

=== स्पर्शाची चाचणी ===

या चाचणीत ठरावीक मापाचे गोल, बोट, सळई व तार ठरावीक बलाने फटींवर दाबतात. चाचणी-बोटासाठी १० न्यूटन, २.५ मिमीच्या सळईसाठी ३ न्यूटन आणि १ मिमीच्या तारेसाठी १ न्यूटन बल वापरले जाते. कमी दाबाच्या उपकरणात चाचणीचे साधन व आतील भाग यांच्यामध्ये ४० ते ५० व्होल्टचा पुरवठा आणि दिवा जोडण्याची पद्धत आहे. दिवा लागला तर स्पर्श झाला व आवरण अनुत्तीर्ण ठरले.

=== धुळीची चाचणी ===

या चाचणीत बंद कक्षात शंखजिऱ्याची बारीक पूड हवेत तरंगत ठेवली जाते. ही पूड ७५ मायक्रोमीटर छिद्रांच्या चाळणीतून गाळलेली असते व कक्षाच्या प्रत्येक घनमीटरमागे २ किलोग्रॅम वापरली जाते. ज्या आवरणातील हवेचा दाब वापरादरम्यान तापमानातील चढउतारांमुळे बाहेरील दाबाहून कमी होऊ शकतो, त्यातून पंपाने हवा ओढली जाते. आतील दाब बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त २ किलोपास्कलने कमी ठेवतात आणि आवरणाच्या घनफळाच्या ८० पट हवा खेचण्याचे उद्दिष्ट असते. हवा पुरेशा वेगाने येत असल्यास चाचणी २ तासांत संपते, अन्यथा ती ८ तासांपर्यंत चालते.

५ या अंकासाठी थोडी पूड आत गेली तरी चालते, परंतु तिने उपकरणाच्या कार्यात किंवा सुरक्षिततेत बाधा आणता कामा नये. ६ या अंकासाठी आत पूड दिसताच कामा नये.

=== पाण्याची चाचणी ===

झोताच्या चाचण्या अडीच ते तीन मीटर अंतरावरून, पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे एक मिनिट व किमान तीन मिनिटे केल्या जातात. ७ या अंकाच्या चाचणीत ८५० मिमीपेक्षा कमी उंचीच्या आवरणाचा सर्वांत खालचा बिंदू पाण्याखाली १ मीटर ठेवतात. त्याहून उंच आवरणाचा वरचा बिंदू पाण्याखाली १५० मिमी असावा लागतो. ९ या अंकासाठी ८० ते १०० बार दाबाचे पाणी मिनिटाला सुमारे १५ लिटर या प्रमाणात निरनिराळ्या कोनांतून मारले जाते. दुग्धालये, खाद्यप्रक्रिया उद्योग व वाहने यांत गरम पाण्याच्या झोताने धुलाई होत असल्याने ही पातळी महत्त्वाची ठरते. वाहनांसाठीच्या जर्मन मानकातून आलेला "आयपी ६९के" हा जवळचा संकेतांक आता आयएसओ २०६५३ या मानकात आढळतो.

पाण्याच्या चाचणीतील उत्तीर्णतेचा निकष "एकही थेंब आत नको" असा नाही. आत गेलेल्या पाण्याने उपकरणाचे कार्य बिघडू नये, निरोधनाच्या पृष्ठभागावर गळती सुरू होऊ नये, ओले चालत नाहीत अशा वीजवाही भागांपर्यंत किंवा गुंडाळीपर्यंत ते पोहोचू नये आणि केबलच्या टोकाशी साचू नये, अशी अपेक्षा असते.

== मर्यादा ==

आयपी चाचण्या नव्या, स्वच्छ नमुन्यावर, प्रयोगशाळेच्या तापमानात आणि गोड्या पाण्याने होतात. पुढील बाबी त्यांच्या कक्षेबाहेर आहेत:

* गंज, क्षार, आम्ल, द्रावके व तेले
* सूर्यप्रकाशातील अतिनील किरण व त्यामुळे होणारा प्लॅस्टिकचा ऱ्हास
* हवेतील बाष्पाचे आत होणारे संघनन
* बुरशी, कीटक व उंदीर
* यांत्रिक आघात
* स्फोटक वायू किंवा धूळ

यांपैकी संघनन हे कडेकोट बंद पेट्यांतही पाणी सापडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. दिवसा उन्हाने व आतील उपकरणांच्या उष्णतेने पेटीतील हवा तापते. अचानक पाऊस आल्यास ती वेगाने थंड होते. पूर्णपणे बंद पेटीतील हवा ६० अंशांवरून २५ अंश सेल्सियसवर आली, तर तिचा दाब सुमारे १० टक्क्यांनी, म्हणजे जवळपास १० किलोपास्कलने घटतो. हा फरक सुमारे एक मीटर पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढा आहे. या खेचीमुळे गॅस्केटजवळ साचलेले पाणी किंवा केबलच्या तारांमधील पोकळीतून येणारी दमट हवा आत ओढली जाते. रात्री त्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. आत आलेले पाणी मग बाहेर जाण्यास वाट राहत नाही. बुडण्याच्या चाचणीत पाणी व उपकरण यांच्या तापमानांत मोठा फरक नसतो, त्यामुळे ही क्रिया तिच्यात दिसत नाही.

== संबंधित मानके ==

=== आयके संकेतांक ===

यांत्रिक आघातापासूनचे संरक्षण आयईसी ६२२६२ या मानकानुसार "आयके" संकेतांकाने दर्शवितात. आयके ०७ साठी २ ज्यूल, आयके ०८ साठी ५ ज्यूल, तर आयके १० साठी २० ज्यूल ऊर्जेचा आघात केला जातो. ५ किलोग्रॅमचे वजन ४० सेंटिमीटर उंचीवरून पडल्यास साधारण २० ज्यूल ऊर्जा मिळते. रस्त्यालगतच्या पेट्या, रेल्वे स्थानके व शाळा अशा ठिकाणी आयपीबरोबर आयके पातळीही पाहणे आवश्यक असते, कारण तडा गेलेल्या आवरणावरील आयपी संकेतांकाला अर्थ उरत नाही.

=== नेमा प्रकार ===

अमेरिकेत "नेमा २५०" या मानकानुसार आवरणांचे १, ३आर, ४, ४एक्स, ६पी, १२ असे प्रकार केले जातात. त्यांत गंज, बर्फ, तेल व गॅस्केटचे वय यांचाही विचार होतो. त्यामुळे नेमा प्रकारावरून किमान आयपी पातळी सांगता येते, परंतु आयपी पातळीवरून नेमा प्रकार ठरविता येत नाही. उदा., नेमा ४ प्रकारचे आवरण आयपी ६६ ची अपेक्षा पूर्ण करते असे मानले जाते, पण आयपी ६६ चे प्रत्येक आवरण नेमा ४ ठरत नाही.

=== स्फोटक वातावरण ===

तेलशुद्धीकरण कारखाने, पेट्रोल पंप, रसायन उद्योग अशा ठिकाणी आयईसी ६००७९ ही मानकमालिका लागू होते. तेथील "ज्वालारोधी" आवरणाचे तत्त्व आयपीहून वेगळे आहे. वायू आत शिरेल व त्याचा आत स्फोटही होईल, हे ते गृहीत धरते. आवरणाने स्फोटाचा दाब सहन करावा आणि सांध्याच्या अरुंद व लांब फटीतून बाहेर पडताना तप्त वायू इतका थंड व्हावा की बाहेरील वायू पेटू नये, अशी त्याची रचना असते. अशा सांध्यावर मनाने गॅस्केट बसविल्यास पाणी कदाचित थांबेल, पण ज्वालारोधी गुण नष्ट होऊ शकतो.

=== जुळणी केलेली पॅनेले ===

रिकाम्या आवरणांसाठी आयईसी ६२२०८ आणि कमी दाबाच्या जुळणी केलेल्या पॅनेलांसाठी आयईसी ६१४३९ ही मानके आहेत. रिकाम्या पेटीचे प्रमाणपत्र पूर्ण पॅनेलाला तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा जुळणी करताना पेटीच्या बाह्य भागात संरक्षण घटविणारा बदल केलेला नसतो.

== भारतातील स्थिती ==

भारतात मानके ठरविण्याचे काम भारतीय मानक ब्युरो करते. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेची जागा ब्युरोने १९८७ साली घेतली. आयईसी ६०५२९ चा स्वीकार होण्यापूर्वी आवरणांच्या वर्गीकरणासाठी आयएस १२०६३ व फिरत्या यंत्रांसाठी आयएस ४६९१ ही मानके प्रचलित होती.

विद्युत सुरक्षेचे कायदेशीर नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरविते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांच्या जागी प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षाविषयक विनियम आले व २०२३ साली त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. राज्य पातळीवर विद्युत निरीक्षक तपासणी करतात. राष्ट्रीय विद्युत संहितेत मांडणीविषयी मार्गदर्शन दिलेले आहे.

आवरणांच्या चाचण्यांची सोय बंगळूरची केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था आणि वडोदरा येथील इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन यांसारख्या संस्थांत आहे. पेट्रोलियम व स्फोटक पदार्थांच्या जागी वापरावयाच्या विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनारपट्टीवर खारी व दमट हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे आयपी पातळीइतकेच आवरणाचे द्रव्यही महत्त्वाचे ठरते. साध्या पोलादी पेटीचा रंग बिजागरीपाशी व छिद्रांच्या कडांना प्रथम सोलवटतो आणि गंजाने गॅस्केटची बैठक खडबडीत होते. अशा ठिकाणी उत्तम प्रतीचे गंजरोधक पोलाद, पॉलिकार्बोनेट किंवा काचतंतुयुक्त प्लॅस्टिक यांची आवरणे अधिक टिकतात.

ग्रामीण भागात रोहित्र व त्याखालील वितरण पेटी या जागेला "डीपी" म्हणतात. अशा पेटीचे दार निखळले किंवा उघडे राहिले, तर तिच्या पाटीवर कोणताही संकेतांक असो, प्रत्यक्षात पहिला अंक शून्य झालेला असतो. उघड्या पेटीतील फ्यूज स्वतः बदलण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. हे काम वीज कंपनीच्या अधिकृत कर्मचाऱ्यानेच पुरवठा बंद करून करणे आवश्यक असते.

== पातळीची निवड ==

सर्वांत मोठे अंक सर्वत्र वापरणे योग्य नसते. आवरण जितके बंद, तितकी आतील उष्णता बाहेर पडणे कठीण होते आणि तापलेल्या उपकरणांचे आयुष्य घटते. त्यामुळे जागेनुसार पुरेशी पातळी निवडली जाते.

| जागा | सामान्यतः आढळणारी पातळी |
|---|---|
| कोरडी, बंद विद्युत खोली | आयपी २० ते आयपी ४२ |
| धूळ असलेला कारखाना | आयपी ५४ |
| उघड्यावरील पॅनेल व मोटर | आयपी ५५ ते आयपी ६५ |
| पथदिवे | आयपी ६५ किंवा आयपी ६६ |
| पाण्याखालील उपकरणे | आयपी ६८ |

काही ठिकाणी मानकेच किमान पातळी घालून देतात. आयईसी ६०३६४ नुसार वीजवाही भागांभोवतीच्या आवरणाला किमान आयपी २एक्स किंवा आयपी एक्सएक्सबी पातळी लागते. हाताला सहज लागणाऱ्या वरच्या आडव्या पृष्ठभागासाठी ती आयपी ४एक्स किंवा आयपी एक्सएक्सडी आहे, कारण वरून तार, स्क्रू किंवा तत्सम वस्तू आत पडण्याचा धोका अधिक असतो. न्हाणीघरात टबाच्या आतील क्षेत्रासाठी आयपी एक्स७ व त्याभोवतीच्या क्षेत्रांसाठी आयपी एक्स४, तर जलतरण तलावाच्या आतील क्षेत्रासाठी आयपी एक्स८ अशी अपेक्षा आहे.

== मानकाची पूर्तता ==

कारखान्यातून बाहेर पडताना आवरणाची जी पातळी असते, ती उभारणीच्या जागी टिकविणे हा पूर्ततेचा अवघड भाग आहे. बहुतेक वेळा दोष पेटीत नसून तिला नंतर पाडलेल्या छिद्रांत असतो.

'''केबलचा प्रवेश:''' केबल शक्यतो पेटीच्या तळातून घेतली जाते. केबलच्या बाह्य व्यासाला जुळणारा ग्लँड वापरणे आवश्यक असते व एका ग्लँडमधून एकच केबल जाते, अन्यथा दोन केबलींमधील फट उघडी राहते. न वापरलेली छिद्रे त्याच पातळीच्या बुचाने बंद केली जातात. बाजूने येणाऱ्या केबलला प्रवेशापूर्वी खाली झोळ दिल्यास पाणी तेथूनच ठिबकून जाते.

'''गॅस्केट:''' निओप्रीन, ईपीडीएम, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन फेस यांची गॅस्केटे वापरली जातात. दीर्घकाळ दाबलेले रबर आपली लवचीकता गमावते. गॅस्केटवर रंग उडणे, ते तुकड्यांत जोडणे किंवा दाराचे स्क्रू असमान आवळणे यांमुळे पातळी घटते.

'''निचरा व श्वसन:''' संघननाच्या समस्येवर तळाशी निचऱ्याची सोय, हवा जाऊ देणारे पण पाणी अडविणारे पटल असलेला ब्रीदर किंवा आत लहान हीटर हे उपाय योजतात. ही साधने मूळ पातळीला साजेशी असावी लागतात. तळाला मनाने पाडलेले छिद्र पाण्याला वाट देते, परंतु धूळ व कीटकांनाही आत घेते.

'''उष्णता:''' पंखा व जाळी बसविलेल्या पेटीची पातळी त्या जाळीच्या पातळीएवढीच राहते. म्हणून उष्णतेचा हिशोब पेटी निवडतानाच करणे आवश्यक असते. सावली देणारी छपरी, फिकट रंग किंवा मोठ्या आकाराची पेटी यांनीही तापमान कमी राखता येते.

'''भूयोजन:''' आयपी संकेतांक भूयोजनाची जागा घेऊ शकत नाही. धातूची पेटी भूसंपर्कित असणे आणि ज्या दारावर उपकरणे बसविली आहेत, ते दार लवचीक तारेने मुख्य पेटीशी जोडलेले असणे आवश्यक आहे. पाणी शिरलेच, तर वीजगळती होताच पुरवठा तोडणारे साधन हा पुढचा बचाव ठरतो.

'''देखभाल:''' पावसाळ्यापूर्वी गॅस्केट, ग्लँड, कुलपे, बुचे व निचऱ्याची छिद्रे यांची तपासणी केली जाते. पेटी उघडण्यापूर्वी पुरवठा खंडित केला जातो. पाणी शिरलेले उपकरण वाळवून व त्याचा निरोधन-रोध मोजूनच पुन्हा सुरू केले जाते.

== सामान्य गैरसमज ==

* आयपी ६८ म्हणजे कोणत्याही खोलीवर व कितीही वेळ सुरक्षित, असा अर्थ नाही. खोली व कालावधी उत्पादकाने नमूद करावयाचे असतात. आयपी ६८ असलेला भ्रमणध्वनी समुद्राच्या किंवा साबणाच्या पाण्यासाठी तपासलेला असतोच असे नाही.
* आयपी ६६ चे आवरण ज्वालारोधी नसते.
* पाटीवरील संकेतांक उपकरण ठरवून दिलेल्या स्थितीत बसविले असतानाच लागू होतो. उभ्या स्थितीसाठी बनविलेला स्टार्टर आडवा बसविल्यास तो अंक निरर्थक ठरतो.
* वेगवेगळ्या पातळ्यांचे भाग एकत्र जोडल्यास संपूर्ण जुळणीची पातळी सर्वांत कमकुवत भागाएवढीच असते. आयपी ६५ च्या पेटीवर आयपी ४० चे बटण बसविले, तर ती पेटी आयपी ४० ची होते.

== हे सुद्धा पहा ==

* विद्युत सुरक्षा
* भूयोजन
* भारतीय मानक ब्युरो
* आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग
* रोहित्र